नालच्छेद : सुइणीविषयींच्या साधनांची चिकित्सा

आमच्या संग्रहांत जन्मपत्रिकांच्या २३ गुंडाळ्या आहेत. बहुतेक वऱ्हाड व नागपूरकडील घरांतून, जुन्या पेट्या रिकाम्या होत असतां, आम्हांस मिळाल्या. गेल्या चातुर्मासांत आम्ही त्यांची सूची करावयास बसलों. प्रत्येक गुंडाळींत शक आहे, संवत्सर आहे, तिथि, वार, नक्षत्र, योग व करण आहेत. बापाचें व आजाचें नांव आहे. आणि सूर्योदयापासून गेलेल्या घटिका व पळें आहेत. आई येते ती अमुकाची भार्या म्हणून. परंतु तीं पळें ज्या बाईच्या तोंडून प्रथम बाहेर आलीं, तिचा उल्लेख एकाहि गुंडाळींत नाहीं. या २३ पैकीं एक गुंडाळी आमची स्वतःची आहे. वर्धा जिल्ह्यांतील एका खेड्यांत आमचा जन्म घरींच झाला. आम्हांस जिनें प्रथम हातीं घेतलें तिला घरांत 'सुईणबाई' एवढेंच म्हणत.

सुइणीची थोरवी गाण्यासाठीं हें टिपण लिहिलेलें नाहीं, तिला दोष देण्यासाठीं तर नाहींच. हीं दोन्ही कामें यापूर्वीं पुष्कळांनीं केलीं आहेत. आम्हांस पाहावयाचें आहे तें इतकेंच कीं, सुइणीविषयीं जीं लेखी साधनें आपल्या हातीं आहेत त्यांची साक्ष कितपत धरावी, आणि ती कोठें सोडावी.

प्रथम ही बाई आपल्या कागदपत्रांत किती मोक्याच्या जागीं उभी आहे तें पाहूं. एक घटिका म्हणजे २४ मिनिटें आणि एक पळ म्हणजे २४ सेकंद. लग्न सुमारें २ तासांनीं पालटतें, नवमांश सुमारें १३ मिनिटांनीं. बाहेर घटिकापात्र पाण्यावर सोडलेलें असो कीं भिंतीवर घड्याळ असो, खोलीचें दार लावलेलें असे आणि ज्योतिषी किंवा घरचा पुरुष बाहेरच थांबे. आंतून हांक आली म्हणजे वेळ टिपावयाची. जन्म कोणत्या क्षणास म्हणावा, मस्तक दिसलें तेव्हां, मूल भुईस लागलें तेव्हां कीं नाळ छेदिली तेव्हां, याविषयीं ज्योतिषांत वाद आहेत. परंतु वाद घालणाऱ्यांपैकीं कोणीहि त्या खोलींत नसे. ज्या पत्रिकेवरून आपण एखाद्या पुरुषाचें जन्मवर्ष व जन्मदिवस निश्चित करितों, तिचें मूळ अशा रीतीनें एका निरक्षर स्त्रीच्या तोंडच्या शब्दांत आहे.

धर्मशास्त्राचेंहि तसेंच. मनूनें जातकर्म नालच्छेदापूर्वीं सांगितलें आहे, आणि निबंधकारांच्या मतें जननाशौच नाळ छेदिल्यापासून लागतें. तोंवर पित्यास दानधर्म करितां येतो. म्हणजे संस्काराचा अधिकार कोठें संपतो आणि सोयर कोठें सुरू होतें, ही सीमा सुइणीच्या हातांतील पात्यानें आंखलेली आहे. आणि हें पातें पुष्कळ गांवीं अशा जातींतील स्त्रीच्या हातीं असे, कीं एरवीं तिचा स्पर्श त्याच घरांत वर्ज्य मानीत. निबंधकारांनीं क्षणाचा विचार केला. तो क्षण आणणाऱ्या हाताचा विचार त्यांच्या चौकटींत आला नाहीं.

आतां वैद्यक ग्रंथांकडे वळूं. येथें मात्र ती बाई दिसते, आणि आमच्या समजुतीपेक्षां पुष्कळ स्पष्ट दिसते. सुश्रुताच्या शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत सूतिकागार आठ हात लांब, चार हात रुंद, पूर्वेस किंवा दक्षिणेस दार असलेलें सांगितलें आहे. आंत चार स्त्रिया असाव्यात. त्या वयानें पोक्त, प्रसूतिकर्मांत कुशल आणि नखें कापलेल्या असाव्यात. चरकाच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत, अनेकवार प्रसूत झालेल्या, मायाळू व कष्ट सोसणाऱ्या स्त्रिया भोंवतीं असाव्यात असें म्हटलें आहे. कळ आली नसतां जोर करूं नको, हा उपदेश तेथें वैद्याच्या तोंडीं नाहीं. जवळ बसलेल्या स्त्रीनें तो करावयाचा आहे. अकालीं जोर केल्यास तो व्यर्थ जातो आणि मुलास अपाय होतो, हें कारणहि दिलें आहे.

याच अध्यायांत आणखी एक स्थळ आहे, त्याकडे पाठभेद जुळविणाऱ्या अभ्यासकांनीं अवश्य लक्ष द्यावें. कांहींच्या मतें कळा येऊं लागल्या म्हणजे गर्भिणीकडून उखळांत मुसळानें धान्य कांडवावें. आत्रेय हें मत नाकारितो. दारुण श्रम गर्भिणीस सदैव वर्ज्य आहेत आणि या घटकेस तर ते प्राणावर बेततील असें त्याचें म्हणणें; जांभई देणें व चालणें मात्र तो मान्य करितो. आजचें प्रसूतिशास्त्रहि पहिल्या अवस्थेंत स्त्रीस उठूं-चालूं द्यावें असेंच सांगतें. ही उखळ-मुसळाची रीति कोणा पंडितानें एकांतांत बसून काढलेली दिसत नाहीं. ती घराघरांतून चालत असली पाहिजे, आणि ती पाहून, तिच्यांतील हानि ओळखून शास्त्रानें निवाडा दिला असला पाहिजे, असें आमचें अनुमान आहे. शास्त्र येथें सुइणीच्या शेजारीं बसून शिकतें आणि तिला दुरुस्तहि करितें.

नाळेविषयीं दोन्ही संहिता एकमेकींशीं जुळतात. चरक नाभीपासून आठ अंगुळांवर खूण करावयास सांगून, सोनें, रुपें किंवा लोखंड यांच्या तीक्ष्ण पात्यानें छेद सांगतो. सुश्रुत आठ अंगुळांवर सूत्रानें बांधून छेद सांगतो. कापलेलीं नखें, स्वच्छ धातूचें तीक्ष्ण पातें, बांधावयास सूत, राहावयास वेगळी जागा, हीं चार विधानें एकत्र ठेवून पाहावीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारनें दाईंस जें शिकविलें, त्यांत हात, जागा, पातें, दोरा व नाळ हीं पांच स्वच्छ ठेवा असा पाठ होता. हे प्राचीन लोक जंतु जाणत होते असें आमचें म्हणणें नाहीं. तें म्हणणें अज्ञानाचें ठरेल. त्यांनीं अनुभव नोंदविला होता, एवढेंच म्हणतां येतें, आणि तेवढें पुरे आहे.

शब्दांचाहि येथें थोडा विचार करूं. संस्कृतांत 'सूतिका' ही प्रसूत झालेली स्त्री होय. मराठींतील 'सुईण' हा शब्द त्याच कुळांतील, पण तो प्रसूति करविणाऱ्या स्त्रीकडे गेला, आणि प्रसूत झालेलीस 'बाळंतीण' हें निराळें नांव मिळालें. 'दाई' हा शब्द फारशींतून आला. तो व आपला 'धात्री' हे दोन्ही स्तनपानवाचक एकाच जुन्या धातूचे, म्हणून एकमेकांचे दूरचे भाऊबंदच. नागपुराकडे दोन्ही शब्द चालतात. शब्द टिकले, ग्रंथ टिकले. मधला नियम मात्र सर्वत्र टिकला नाहीं.

आमच्या मतें या चिकित्सेंतील मुख्य प्रश्न हाच. नखें कापण्याचा नियम ग्रंथांत असतां, पुढील काळांत विळा, बांबूची चिपटी, नाळेवर शेण किंवा राख, हे प्रकार अनेक ठिकाणीं कसे आढळतात? उत्तर कठीण नाहीं. ग्रंथ ज्यांच्या हातीं होता ते बाळंतिणीस शिवत नसत. जी शिवत असे तिच्या हातीं ग्रंथ नव्हता, आणि तो तिला वाचून दाखवावा असें कोणास वाटलें नाहीं. शास्त्र व हात यांची फारकत झाली. तिचा परिणाम लहान मुलांच्या प्राणांवर झाला. नाळेच्या जखमेंतून शिरणारा धनुर्वात बहुधा जन्मानंतर पहिल्या आठवड्याच्या सुमारास दिसतो. पांचवीची व सहावीची रात्र जागविण्याची, सटवाईपुढें दौत-लेखणी मांडण्याची आपली चाल सर्वांस ठाऊक आहे. त्या भयाच्या मुळाशीं या रोगाचा काळ असावा, हें आमचें केवळ अनुमान. वाचकांनीं तें प्रमाण न मानतां तपासून पाहावें. भारतांतून प्रसूतीच्या वेळचा व नवजात मुलांचा धनुर्वात हटल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २०१५ मध्यें मान्य केलें. लस, स्वच्छ पातें व रुग्णालय यांचें हें फळ आहे.

आतां इंग्रजी साधनें. इ. स. १८८५ मध्यें डफरिन निधि निघाला. इ. स. १९०३ मध्यें लेडी कर्झन यांच्या पुढाकारानें, देशी दाईंस शिक्षण देण्यासाठीं व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ति निधि निघाला. त्याच्या पंधरा वर्षांच्या कामाचा वृत्तांत इ. स. १९१८ मध्यें पुस्तकरूपानें छापला गेला. या पुस्तकांतील लेख डॉक्टर स्त्रियांचे व शिक्षित प्रसाविकांचे आहेत. इ. स. १९२७ मध्यें कॅथरिन मेयो यांनीं 'मदर इंडिया' लिहितांना त्याचा भरपूर उपयोग केला, आणि हिंदुस्थानांतील सुईण म्हणजे मूर्तिमंत घाण व क्रौर्य, असें चित्र जगापुढें गेलें.

या साक्षीची परीक्षा दोन बाजूंनीं करावी लागते. पहिली गोष्ट, लिहिणाऱ्यांनीं जें पाहिलें तें खोटें नव्हतें. अडलेल्या बाईस ज्या स्थितींत इस्पितळांत आणीत, तिचीं वर्णनें वाचवत नाहींत, आणि केवळ परकीयांनीं लिहिलीं म्हणून तीं टाकून देणें हा संशोधकाचा धर्म नव्हे. दुसरी गोष्ट, त्यांनीं सर्व पाहिलें नव्हतें. इस्पितळांत येत त्या सुइणीचे हात थकल्यावर येत. ज्या प्रसूति घरीं सुखरूप झाल्या, त्यांची नोंद डॉक्टरांकडे कशी असणार? केवळ फिर्यादीचे कागद वाचून गांवाच्या व्यवहाराचा इतिहास लिहिणाऱ्यास आपण जें म्हणूं, तेंच येथें म्हटलें पाहिजे. शिवाय घाण ही निरक्षर स्त्रीचीच मिरास नव्हती. इ. स. १८४६ मध्यें व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळांत, जेथें डॉक्टर व विद्यार्थी प्रसूति करवीत तेथें शेंकडा ११ हून अधिक माता दगावल्या. शेजारच्याच विभागांत, जेथें प्रसाविका काम करीत, तेथें शेंकडा ३ हून कमी. शवविच्छेदनाचे हात घेऊन डॉक्टर प्रसूतिगृहांत येत, हें कारण झेमेलवाइस यानें ओळखलें आणि पुढील वर्षीं चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें हात धुवावयास लावले. त्याचें त्याच्याच व्यवसायबंधूंनीं पुष्कळ काळ ऐकलें नाहीं.

आमच्या प्रांतापुरतें पाहतां, रसेल व रायबहादुर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील चार भागांचा ग्रंथ इ. स. १९१६ मध्यें निघाला. या मंडळींच्या परिश्रमाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. त्याच हिरालालांनीं इ. स. १९२६ मध्यें मध्यप्रांत व वऱ्हाड येथील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपुरास प्रसिद्ध केली, आणि ती हातीं न घेतां आमच्यापैकीं कोणाचेंहि पाऊल पुढें पडत नाहीं. तथापि त्या चार भागांत सुइणीवर स्वतंत्र लेख नाहीं. ग्रंथाची रचनाच जातिवार असल्यानें, अमक्या जातीच्या स्त्रिया हें काम करितात, इतकी नोंद येते, आणि जन्माचे विधि, टोटके व विटाळ यांचें वर्णन येतें. तिला काय येत होतें, तें ती कोणाकडून शिकली, आडवें मूल ती कसें ओळखी, हें कोणी विचारलें नाहीं. पोथ्यांची सूची करणारा विद्वान पोथीचा कर्ता, लेखक, शक व स्थळ विचारतो. जिवंत विद्येची नोंद करितांना त्याच विद्वानास केवळ जात पुरेशी वाटली.

आपल्या बाजूचाहि दोष सांगितला पाहिजे. मेयोबाईंस उत्तर देण्याच्या भरांत, आणि अलीकडे जुन्या चालीरीतींच्या प्रेमांत, सुइणीस सर्वज्ञ ठरविण्याची एक रीत पडली आहे. तीहि तितकीच अप्रमाण आहे. मूल अडलें किंवा प्रसूतीनंतर रक्त थांबेना, तर कितीहि कुशल सुईण निरुपाय होई. सुश्रुतानें मूढगर्भाचें शस्त्रकर्म अत्यंत कठीण म्हणून, अधिपतीची अनुज्ञा घेऊनच तें करावयास सांगितलें आहे. शास्त्रकारास आपली मर्यादा ठाऊक होती. आज महाराष्ट्रांत शेंकडा ९४.७ प्रसूति संस्थांतून झाल्याचें २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आढळलें, आणि २०१८-२० या काळांत मातृमृत्यूचें प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागें ३३ इतकें खालीं आलें होतें. हे आंकडे ज्यास गोड लागत नाहींत, त्यानें आपल्याच घराण्याची वंशावळ काढून, तींत पहिल्या वा दुसऱ्या बाळंतपणांत गेलेल्या स्त्रिया मोजाव्यात. आमच्या वंशावळींत पांच पिढ्यांत चार निघाल्या, आणि त्यांपैकीं तिघींचीं नांवें लिहिलेलीं नाहींत.

मग दोन्ही टोकें सोडून योग्य मार्ग कोणी दाखविला काय? दाखविला, आणि तो याच विदर्भांत. इ. स. १९२१ मध्यें कमलाताई होस्पेट यांनीं वेणूताई नेने यांच्या साथीनें नागपुरांत मातृसेवा संघ स्थापिला. तरुणपणीं वैधव्य आलेल्या या बाईंनीं परिचारिकेचें शिक्षण घेऊन, ज्या कामास कुलीन घरें हीन मानीत तें स्वतः पत्करिलें. शास्त्र व हात यांची जी फारकत आम्हीं वर सांगितली, ती त्यांनीं आपल्या देहानें मोडली.

दुसरें उदाहरण गडचिरोलीचें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं तेथें 'सर्च' ही संस्था काढल्यावर गांवच्या दाईंस जवळ केलें. मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यास मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि यांपैकीं पुष्कळींस दहा-बारांपलीकडे मोजतां येत नसे. त्यांच्यासाठीं वाळूचें एक मिनिटाचें घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असें साधन केलें. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा, वाळू संपण्यापूर्वीं मणी संपले तर श्वास जलद समजावयाचा. पुढें गांवांतील आरोग्यदूत स्त्रिया व दाई यांच्या साहाय्यानें घरच्या घरीं नवजात मुलांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गांवांत झाला. इ. स. १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, तुलनेच्या गांवांशीं ताडून पाहतां नवजात मृत्यूचें प्रमाण तिसऱ्या वर्षीं शेंकडा ६२ नीं उतरलें. ज्या स्त्रीच्या शब्दावर घटिका-पळें लिहिलीं जात, तिच्याच हातीं अखेर वेळ मोजण्याचें साधन कोणी तरी दिलें. तिची बुद्धि पूर्वीं कमी होती असें यावरून दिसत नाहीं. तिला विचारणारा व शिकविणारा कमी होता, एवढें दिसतें.

इ. स. २००५ मध्यें जननी सुरक्षा योजना सुरू झाल्यापासून प्रसूति झपाट्यानें रुग्णालयांकडे गेल्या, आणि तें इष्टच झालें. मेळघाटांतील व गडचिरोलींतील दुर्गम पाड्यांतून मात्र अद्यापि कांहीं प्रसूति घरीं होतात. सुइणीचा धंदा करणाऱ्या म्हाताऱ्या स्त्रिया आतां थोड्या उरल्या आहेत. त्यांच्या मागें त्यांची विद्या पोथींत राहणार नाहीं, कारण ती कधींच पोथींत उतरली नव्हती.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंती आहे. जन्मपत्रिका मिळाली कीं तिची पाठ पाहावी, पोथ्यांच्या मलपृष्ठावरील जन्माच्या नोंदी सोडूं नयेत. विशेषतः घरगुती जमाखर्चाच्या वह्या रद्दी म्हणून टाकूं नयेत. आमच्याजवळील एका वहींत बारशाच्या खर्चाखालीं सुइणीस लुगडें एक, खण एक व गहूं दोन पायल्या अशी ओळ आहे. तिचें नांव नाहीं, पण तिला काय दिलें तें तरी आहे, आणि जोशीबुवांच्या दक्षिणेशीं तें ताडून पाहतां येतें. ज्यांच्या गांवीं अशी वृद्ध स्त्री हयात असेल, त्यांनीं तिच्याकडे जाऊन, ती काय करी, कोणाकडून शिकली, कोणत्या खुणेस भिऊन बैलगाडी जुंपावयास सांगे, हें तिच्याच शब्दांत उतरून घ्यावें. तिचें म्हणणें सुधारूं नये, शोभिवंत करूं नये. अशुद्ध पाठ जसा आपण जसाच्या तसा ठेवितों, तसेंच तेंहि ठेवावें, आणि चूक असेल ती टीपेंत दाखवावी.

आमच्या पत्रिकेपुरतें हें काम आम्हीं केलें आहे. गेल्या कार्तिकांत गांवीं जाऊन, नव्वदीच्या घरांत असलेल्या आमच्या आत्याबाईंस विचारलें. त्यांनीं क्षणाचाहि विलंब न करितां नांव सांगितलें, वस्ती सांगितली, आणि त्या बाईनें आमच्या घरांत एकंदर सात मुलें घेतलीं व त्यांतील एक गेलें, हेंहि सांगितलें. इतकीं वर्षें आम्हीं पोथ्यांच्या शोधांत गांवें पालथीं घातलीं, आणि हा प्रश्न आपल्याच घरांत विचारावयाचा राहिला होता. गुंडाळीच्या पाठीवर तें नांव आम्हीं शिसपेन्सिलीनें लिहून ठेविलें असून, सूचींत त्या पत्रिकेपुढें त्याची नोंद केली आहे.